दहा मिनिटांचा फोन

बँकेत बदलून आलेल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांना मी संध्याकाळी मराठी शिकवते. माझा खाक्या ठरलेला: चुकलं तरी चालेल, पण विचार करत बसायचं नाही, बोलून टाकायचं. मदुराईचे एक अधिकारी त्यापायी दीड महिना जवळजवळ मुकेच होते.

त्या दिवशीचा प्रसंग रोजचाच. पेन्शन जमा झाली नाही म्हणून आजी काउंटरवर आल्यात, त्यांना कारण सांगायचं. आजी मीच. साहेब उठले. "आजी... दाखला नाही... पैसे नाही." कपाळावर घाम. तेवढ्यात घरून फोन आला म्हणून मी बाहेर गेले. आईची औषधं, गॅसवाला. दहा मिनिटं गेली.

परत आले तर साहेब पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर काहीतरी खरडत होते. वर चार ओळी तमिळ, खाली देवनागरीत फक्त 'हयातीचा', 'थांबली', 'म्हणून'. स्लिप पालथी घालून म्हणाले, "आजी, नोव्हेंबरमध्ये तुमचा हयातीचा दाखला आला नाही, म्हणून पेन्शन थांबली. आता दाखला दिला की मागचे पैसेपण मिळतील. मी हेडऑफिसला पत्र पाठवलो."

आजी व्हायचं विसरून मी बघतच राहिले. 'पाठवलो'सुद्धा सोडून दिलं. तमिळमध्ये क्रियापद 'मी'शी जुळतं. आपल्याकडे ते पत्राशी का जुळावं, हे दहा मिनिटांत कुणाला उमगणार?

घरी जाऊन एम.ए.च्या वह्या काढल्या. परकी भाषा शिकण्यावर संशोधन करणाऱ्या पॉलीन फॉस्टर आणि पीटर स्कीहन यांचा १९९६ चा अभ्यास: बोलण्याआधी दहा मिनिटं मिळालेले विद्यार्थी कमी अडखळले, वाक्यंही जास्त जोडून बोलले, बिनचूकपणा मात्र तेवढा वाढला नाही. काय सांगायचं, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या रूपात, ही तिन्ही ओझी एकदम डोक्यावर आली की एखादं घसरतंच. हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते, आणि वर्गात 'विचार करू नका' म्हणत होते!

पुढच्या तासाला सगळ्यांनाच दहा मिनिटं दिली, तर साहेबांनीच हात वर केला. "मॅडम, काउंटरवर दहा मिनिटं कोण देतं?"

बरोबरच होतं. मग तोच प्रसंग पाच मिनिटांवर आणला, मग एका मिनिटावर, शेवटी स्लिपशिवाय. 'म्हणून थांबली' टिकलं. 'पाठवलो'ही टिकलं.