व्हीबी ६ पुन्हा उभं करताना

पतसंस्थेचं काम छोटंसं होतं: ठेवींच्या अहवालात नॉमिनीच्या नावाचा एक रकाना वाढवायचा. प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला, आणि त्याचा डेटा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये. मूळ प्रोग्रामरने सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सीडीवर देऊन ठेवला होता हे नशीबच; नाहीतर हाती नुसती ईएक्सई उरते, जी चालवता येते पण बदलता येत नाही.

व्हीबी ६ आलं १९९८ मध्ये, आणि त्याच्या आयडीईचा (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचा) सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला. रनटाइमचं, म्हणजे तयार प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या डीएलएल फाइलचं, तसं नाही. ती विंडोज ११ मध्येही येते, त्यामुळे प्रोग्राम रोज बिनतक्रार चालतो आणि तो जुना झालाय असं संस्थेत कोणाला वाटतही नाही. गाडी अडते ती त्यात बदल करायची वेळ आली की.

पहिला प्रश्न व्हीबी ६ च्या इन्स्टॉलरचा. ‘फ्री डाउनलोड’ म्हणणाऱ्या साइटवरची आयएसओ (सीडीची फाइलरूपी प्रत) ठेवीदारांच्या डेटाजवळ मी तरी फिरकू देणार नाही. सुदैवाने संस्थेच्या कपाटात मूळ पेटी निघाली, प्रॉडक्ट कीसकट.

मग विंडोज १० चं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा आभासी कॉम्प्युटर, केलं. तिथे हा सेटअप सरळ चालत नाही, कारण तो स्वतःबरोबरचं जुनं जावा टाकू पाहतो. विंडोजच्या सिसवाऊ६४ (SysWOW64) फोल्डरमध्ये ‘एमएसजावा.डीएलएल’ (MSJAVA.DLL) नावाची शून्य बाइटची फाइल ठेवली की जावा आहेच असं समजून पुढे सरकतो. सेटअपमध्ये कस्टम निवडून त्यातल्या डेटा अ‍ॅक्सेसवरची खूणही काढायची, नाहीतर शेवटी लटकतो. त्यावर सर्व्हिस पॅक ६, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा संच, टाकला. राहिलेल्या ओसीएक्स (प्रोग्राम वापरतो त्या तयार कंट्रोलच्या फाइली) अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमधून रजिस्टर केल्या.

प्रोजेक्ट उघडला तर सगळी लेबलं म्हणजे रोमन अक्षरांचा कचरा! व्हीबी ६ च्या नेहमीच्या कंट्रोलना (लेबल, चौकटी वगैरे) युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारं देवनागरी, दाखवता येत नाही, म्हणून त्या काळी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फाँट वापरत. तो फाँट काउंटरवरच्या पीसीवरून आणला. नव्या रकान्याचा मथळाही त्याच फाँटच्या कीबोर्डवर टाइप करावा लागला. मॅनेजरसाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर पेस्ट केला की नुसती प्रश्नचिन्हं.

खुद्द कोडमधला बदल जेवणाच्या सुट्टीआधी झाला.

व्हर्च्युअल मशीन आता नेटवर्क बंद करून ठेवलंय, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्याची एक प्रत संस्थेकडे, एक माझ्याकडे. नव्या सॉफ्टवेअरचा खर्च संचालक मंडळापुढे मांडायला संस्थेला सांगितलंय. संस्थेचं म्हणणं, चालतंय की.