रात्रीत खाली बसणारा ड्राइव्ह: ट्रिम दुरुस्तीची आतापर्यंतची नोंद

बोट अजून डोणज्यालाच आहे, मामाच्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रेलरवर. बाहेर पाऊस आणि चिखल, त्यामुळे पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही. स्टर्नड्राइव्ह बोटीत इंजिन आत असतं आणि पंखा असलेला पाय, म्हणजे ड्राइव्ह, मागे बाहेर असतो; तो तेलाच्या पंपाने आणि दोन सिलेंडरने वर-खाली करायची यंत्रणा म्हणजे ट्रिम. गेल्या दीड महिन्यात या ट्रिमचं कोडं बरंच सुटलं. त्यात एक चाचणी मी चुकीची केली आणि तिच्यामुळे दोन आठवडे गेले. जुनी स्टर्नड्राइव्ह बोट घेणाऱ्यांपैकी कुणाचाही असाच वेळ जाऊ शकतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं. बोट वीस फुटी, वेकबोर्डसाठी (बोटीमागे दोरी धरून फळीवर उभं राहून घसरायचा खेळ) टॉवर बसवलेली, आधीची सगळी वर्षं समुद्रात चाललेली. पावसाळ्याआधी पानशेतला पाण्यावर चाचणी घेतली तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. थ्रॉटलवरच्या ट्रिमच्या बटणाने ड्राइव्ह वर जात नव्हता, पण ट्रेलरच्या, म्हणजे बोट ओढून नेताना ड्राइव्ह पूर्ण वर उचलायच्या, बटणाने जात होता. जायचा तोही रडतखडत, पूर्ण वर यायला 31 सेकंद. आणि रात्री वर करून ठेवलेला ड्राइव्ह सकाळपर्यंत चार बोटं खाली आलेला असायचा.

ट्रिम बिघडलेला असला तरी वेकबोर्ड करता येतं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. बोर्डवरचा माणूस पाण्यातून उठताना ड्राइव्ह पूर्ण आत, म्हणजे खाली, हवा, म्हणजे नाक दबतं, बोट पटकन पाण्यावर सपाट येते आणि दोरीवरच्या माणसाचे खांदे वाचतात. मग ताशी 30 ते 35 किलोमीटरच्या आसपास वेग स्थिर झाला की थोडासा ट्रिम बाहेर देऊन लाटेचा आकार जमवायचा. जास्त बाहेर गेला की नाक वरखाली आपटायला लागतं. हे सगळं अंगठ्याखालच्या बटणावर चालतं, आणि तेच बटण मेलेलं होतं.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने याहून मोठं आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचं पाणी पुणं पितं. ज्या बोटीच्या होजमधून तेलाचा एक थेंबही बाहेर येतो ती त्या पाण्यात उतरवायची नाही, हे मी बोट घेतली त्याच दिवशी ठरवलं. जलसंपदा विभागाच्या परवानगीचा कागद हातात असला तरी नाही.

कामाला सुरुवात मल्टिमीटरने केली. ट्रिम म्हटलं की हात आधी तेलाच्या डब्याकडे जातो, पण हा पंप शेवटी 12 व्होल्टच्या मोटरवर चालतो. मोटर एका दिशेने फिरली की वर, उलट फिरली की खाली, आणि दोन दिशांना दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे जाड स्विच. मोटरलाच वीज कमी मिळत असेल तर तेलात काहीही दोष नसताना ड्राइव्ह रडतोच. बॅटरी निवांत असताना 12.6, पंप चालू असताना 11.8. मोटरच्या टोकाला मात्र फक्त 8.9. म्हणजे 2.9 व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते.

गळती शोधायची तर पंप चालू असतानाच मोजावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. बंद पंपावर सगळ्या केबल निरोगी दिसतात. धन बाजूची केबल: 0.2. ऋण बाजू, बॅटरीच्या खांबापासून पंपाच्या अर्थपर्यंत: 1.6. वर करणाऱ्या सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये: 1.1. बेरीज बरोबर जुळली. अर्थच्या केबलचं टोक उघडलं तर आत तांब्याच्या तारा हिरव्यागार पडलेल्या, खाऱ्या पाण्याची करणी. भोसरीतून जाड केबल आणि टिनचा मुलामा असलेली लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) आणली, दाबून घेतली, वरून गोंद असलेली श्रिंक नळी चढवली.

सोलेनॉइडबद्दल जरा थांबून सांगतो. टिक आवाज आला म्हणजे सोलेनॉइड चांगला, असं नाही. आवाज गुंडाळीमुळे येतो, प्रवाह आतल्या तांब्याच्या चकतीतून जातो, आणि माझी चकती जळून काळी झाली होती. नाना पेठेत दिसायला अगदी तसाच रिले स्वस्तात मिळत होता. घेतला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते, आणि पंप नेमका तिथेच बसवलेला असतो. सोलेनॉइडच्या आत उडणारी ठिणगी बाहेर पडू न देणारी बंद बनावट बोटीच्या सुट्या भागांत मिळते. गाडीच्या रिलेत ती असेलच असं नाही. त्याच कारणाने स्क्रूड्रायव्हरने दोन बोल्ट जोडून पंप फिरवायची युक्ती इंजिनकक्षात करू नका. आधी ब्लोअर, म्हणजे तिथली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार-पाच मिनिटं चालवा, वास घ्या, आणि चाचणी करायची तर सोलेनॉइडच्या छोट्या टोकाला वायर देऊन करा. पैसे आणि वाट पाहणं दोन्ही लागलं, पण योग्य भाग बसवला. वर यायला आता 19 सेकंद लागतात.

ट्रिमचं बटण लिमिट स्विचमुळे मेलेलं निघालं. बटणाचा प्रवाह त्या स्विचमधून जातो, ट्रेलरचा त्याला वळसा घालून जातो. म्हणून एक चालतं आणि दुसरं चालत नाही, एवढ्यावरूनच निदान बरंचसं झालं होतं. ड्राइव्ह पूर्ण खाली असताना मल्टिमीटरवर स्विच जोडलेला दिसायला हवा, माझा तुटलेला दिसला. त्याच्या दोन वायर जोडून टाक, काम भागेल, असा सल्ला मला दोघांनी दिला. तसं करू नये. इंजिन जोरात असताना ड्राइव्ह बाजूच्या आधारांच्या बाहेर जाऊ नये म्हणून तो स्विच असतो. तो नसला तर चुकून जास्त वेळ दाबलेल्या बटणाची किंमत इंजिनची ताकद ड्राइव्हकडे नेणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटला मोजावी लागते. नवा स्विच मागवलाय.

आता रात्रीच्या घसरणीबद्दल, ज्यात मी फसलो.

ड्राइव्ह वर असतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या सिलेंडरचे रॉड बाहेर आलेले असतात आणि ड्राइव्हचं वजन त्यांना आत ढकलत असतं. बुडाच्या बाजूचं तेल अडकून राहिलं तर ड्राइव्ह राहतो. बाहेर कुठेही ओल नव्हती, म्हणजे गळती आतल्या आत: एकतर पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये नाहीतर पिस्टनच्या सीलमधून. हे वेगळं करायला मी दोन्ही सिलेंडरचे सगळे होज सोडले, चारही तोंडांना प्लग ठोकले आणि रात्रभर ठेवलं. सकाळी ड्राइव्ह जागच्या जागी. निष्कर्ष काढला: सिलेंडर चांगले, पंप दोषी. पंप खोलला, व्हॉल्व्ह धुतले, ओ-रिंग बदलल्या, जोडला. दुसऱ्या सकाळी ड्राइव्ह पुन्हा चार बोटं खाली.

शेजारच्या काकांनी आयुष्यभर हायड्रॉलिक प्रेसची कामं केली आहेत. रविवारी त्यांना शेडवर घेऊन गेलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अरे, दोन्ही तोंडं बंद केलीस, मग रॉड आत जाणार कसा?"

मला कळायला मिनिटभर लागलं. रॉड आत यायचा तर त्याला सिलेंडरच्या आत जागा लागते. दोन्ही तोंडं बंद आणि आत काठोकाठ तेल. तेल दबत नाही, बाहेर जायला वाट नाही, मग पिस्टनचं सील पार फाटलेलं असलं तरी रॉड हलणारच नाही. म्हणजे माझ्या चाचणीत खराब सिलेंडरही पास झाला असता. पंपाशी जोडलेला असताना मात्र रॉडच्या बाजूचं तेल हळूहळू टाकीकडे वाट काढतं, म्हणून तिथे तो बसतो.

मग काकांनी सांगितलं तशी चाचणी केली. एका वेळी एकच सिलेंडर. त्याचं बुडाचं तोंड बंद, रॉडकडच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत. दुसऱ्या सिलेंडरची दोन्ही तोंडं मोकळी, नळ्या तेलाच्या डब्यात. हे विसरू नका, कारण दोन्ही सिलेंडर एकाच ड्राइव्हला धरून असतात आणि बंद ठेवलेला चांगला सिलेंडर खराब सिलेंडरची चूक झाकतो. ड्राइव्हखाली लाकडी ठोकळे रचले, थोडी फट ठेवून. तोंडं उघडण्यापूर्वी दाब सोडला. त्या ड्राइव्हखाली हात घालायचा नाही, एक क्षणही.

डावा सिलेंडर: बाटली कोरडी. उजवा: सकाळी 11 मिली तेल, आणि रॉड 3.5 सेंटिमीटर आत. माझा रॉड व्हर्नियरवर 20 मिलिमीटर भरतो, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटिमीटर. गुणिले 3.5 केलं तर 11 मिली. आकडा जुळला तेव्हा काका शेजारच्या पिंपावर बसून चहा पीत होते, त्यांनी फक्त मान हलवली. मला मात्र कितीतरी वेळ त्या बाटलीकडे बघत राहावंसं वाटलं.

उजवा सिलेंडर खोलायला टोपीच्या दोन भोकांत बसेल असा पाना लागतो. तो पट्टीला दोन पिना वेल्ड करून काकांच्या ओळखीत बनवून घेतला. आत पिस्टनची ओ-रिंग चपटी, चौकोनी झालेली. शिवाय पिस्टनमध्ये स्प्रिंगवर बसणाऱ्या छोट्या गोळ्या असतात. ड्राइव्ह पाण्याखाली कशावर आपटला की त्या उघडून त्याला वर उसळू देतात. त्यातल्या एका गोळीखाली कचऱ्याचा कण अडकलेला. या गोळ्या काढून जागा बुजवायचा मोह टाळा. पाणी उतरलं की आपल्या जलाशयांत जुन्या शेतांचे बांध आणि दगड वर येतात, तिथे या गोळ्याच ड्राइव्ह वाचवतात.

ओ-रिंग नायट्राइलची, भोसरीत माप देऊन मिळाली. रॉडचं सील आणि वायपर (रॉडवरची घाण पुसणारी कडी) दुरुस्तीच्या किटमधूनच घेतलं. जुनं तेल दुधासारखं पांढरट होतं, म्हणजे पाणी गेलेलं. ते पूर्ण काढून 10डब्ल्यू-30 इंजिन ऑइल भरलं, पंपाच्या पुस्तिकेत ते चालतं असं दिलंय. ब्रेक ऑइल कधीही टाकू नका, नायट्राइल फुगतं. पातळी ड्राइव्ह पूर्ण खाली असतानाच बघायची, कारण तेव्हा रॉड आत असतात आणि सर्वांत जास्त तेल टाकीत परतलेलं असतं. वर असताना काठोकाठ भरलं तर खाली येताना उतू जातं. हवा काढायला आठ-दहा वेळा वरखाली केलं, मध्येमध्ये मोटरला गार होऊ देत.

हाताशी असतानाच ॲनोडही (ड्राइव्हच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बदलले. जुने जस्ताचे होते, समुद्रासाठी ठीक. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढतो आणि ते काम करेनासे होतात. फक्त धरणातच चालवायची तर मॅग्नेशियमचे लागतात, तेच लावले.

रॉडवर टेपची खूण करून आज चौथी रात्र. खूण जागेवर आहे, सिलेंडरखाली पसरलेला पांढरा कागद कोरडा आहे. लिमिट स्विच आला की तो बसवायचा, पंधरा दिवस कागद असाच ठेवायचा, आणि पाऊस ओसरल्यावर परवानगीचा अर्ज.