बुळबुळीत गोष्ट

आमच्या लॅबमध्ये माझ्या हातात सगळ्यात जास्त काय असतं, तर एक लिटरचा सिलिंडर. इचलकरंजीजवळच्या एका प्रोसेसचा, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचा, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) मी सांभाळते. रोज सकाळी एरिएशन टँकमधलं, म्हणजे हवा सोडायच्या टाकीतलं, चॉकलेटी पाणी त्या सिलिंडरात भरायचं आणि ३० मिनिटं हात लावायचा नाही. गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. गाळ २५०-३०० मिलीच्या रेघेपाशी थांबला की दिवस बरा जातो.

हा गाळ म्हणजे बहुतेक जीवाणूंचेच पुंजके. एकटा जीवाणू इतका हलका, की तो असा अर्ध्या तासात बसणारच नाही. पण तो अंगाभोवती डिंक सोडतो. साखरेच्या लांबलचक साखळ्या आणि प्रथिनं, मुख्यतः हेच असतं त्यात. त्याला शेजारचे जीवाणू चिकटतात, बारीक कण चिकटतात, रंग आणि धातूही थोडेफार अडकतात. बोटांत धरलं तर शेंबडासारखं लागतं, काय सांगू! १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि बसलेला गाळ फेकायच्या ऐवजी पुन्हा पुन्हा वापरला. आमचा प्लांट अजून त्याच युक्तीवर चालतो.

एका दिवाळीआधी मात्र गाळ बसेनाच. माल भरपूर, डाइंग रात्रंदिवस, आणि डाइंग म्हटलं की मीठ आलंच. सिलिंडरात वरचं पाणी ताकासारखं गढूळ. क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीवरून, बारीक कण वाहून चालले होते. वरून हुकूम आला, 'पॉली वाढवा.' पॉली म्हणजे पोत्यातून येणारी, कणांना एकत्र चिकटवणारी पॉलिअॅक्रिलमाइडची पावडर. वाढवली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

मी एका बीकरमध्ये गाळ घेऊन त्यात चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड टाकलं आणि हळूहळू ढवळलं. कण एकमेकांना शोधत जवळ आले, गुठळ्या झाल्या, खाली उतरले. जीवाणूंच्या डिंकावर ऋण भार असतो, त्यामुळे साखळ्या एकमेकींना लोटतात. कॅल्शियमला दोन हात. एक या साखळीला, दुसरा त्या साखळीला. सोडियमला हात एकच. मिठाबरोबर सोडियम इतका आला की त्यानं कॅल्शियमला जागेवरून उठवलं आणि बांधणी सुटली. डिंक होता, पण त्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं.

तेव्हा मला शिरोळचे मामा आठवले. 'रान चोपण झालंय गं. पाणी पडलं की चिखल, वाळलं की दगड. कुदळबी चालत न्हाई.' वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी, निचरा नाही, सोडियम साठत गेला. चांगल्या रानात मातीच्या कणांना मुळांजवळचे जीवाणू असल्याच डिंकानं बांधून ठेवतात. तिथंही कॅल्शियमच मधे उभा असतो. चोपणीला जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचाच एक क्षार, टाकतात ते याचसाठी.

दुकानदारानं मामांच्या गळ्यात जीवाणूंच्या 'कल्चर'च्या बाटल्या मारल्या होत्या. मी म्हटलं, मामा, आधी चर काढा, जिप्सम टाका, धैंचा (हिरवळीचं खत) गाडा. जीवाणूंना खायला मिळालं की डिंक ते आपोआप करतील. बाटलीतले जीवाणू उपाशी रानात काय करणार? जीवाणूंचा असला डिंक पाणी निवळायलाही वापरतात. जपानात नात्तो नावाचे आंबवलेले सोयाबीन खातात. त्याची ती चिकट तार म्हणजे जीवाणूनं केलेलं पॉलिग्लुटॅमिक आम्ल. तिथल्या एका कंपनीनं त्यापासून गढूळ पाणी निवळायची पावडर केलीय. आपल्याकडे निवळीच्या बिया आणि तुरटी पाणी निवळायचं तेच काम करतात. पॉलीच्या जागी असलं काही वापरायला मला आवडेल, पण आमच्या पाण्यात पोत्यामागं पोतं लागतं आणि खरेदीवाले किलोचा भाव विचारतात.

मामांना एक सोपी परीक्षा शिकवून आले. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी, त्यात रानातलं सुकं ढेकूळ, आणि ढवळायचं नाही. पहिल्या वर्षी ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला. धैंचा दोनदा गाडल्यावर ढेकूळ फुटलं, पण तुकडे तुकडेच राहिले, पाणी निम्म्याहून जास्त नितळ. आता मामा पाहुण्यांनाही ग्लास दाखवतात. मामी म्हणते, चहाचे दोन ग्लास गेले या मातीत.