आइसलंडचा नाताळ: २४ डिसेंबरला सहाच्या आत काय काय उरकावं

राजधानी रेक्याविकमध्ये नाताळ लागतो तो २४ डिसेंबरला संध्याकाळी ठीक सहा वाजता. चर्चच्या घंटा वाजतात, रेडिओवरून त्याच घुमतात आणि 'ग्लेदिलेग योल' (शुभ नाताळ) म्हणत घराघरात मंडळी जेवायला बसतात. त्यामुळे सगळी आखणी सहापासून मागे मोजत करायची.

खरी लगबग २३ तारखेला. हा संत थोरलाकुरचा दिवस. हा स्काउलहोल्टचा बिशप ११९३ मध्ये याच तारखेला वारला. दुपारी आंबवलेला स्केट मासा खायची प्रथा आहे. त्याचा अमोनियाचा भपकारा नाकात झोंबतो आणि लोकरीच्या कपड्यांत दिवसभर मुरून राहतो. चव घ्यायचीच असेल तर जाड कोट हॉटेलवर ठेवून जा. सोबत बटाटे आणि वितळलेली चरबी असते. चरबी नको असेल तर लोणी मागा. संध्याकाळी लौगावेगुर रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन शांततेची फेरी निघते आणि दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात.

किराणा २३ लाच भरा. बोनुस, क्रोनान ही दुकानं २४ ला दुपारीच शटर ओढतात, बस दुपारनंतर आटपतात आणि २५ ला शहर जवळपास बंद असतं. सरकारी दारूची दुकानं २५ आणि २६ दोन्ही दिवस बंद. २४ च्या रात्री बाहेर जेवायचं तर बहुधा हॉटेलचंच उपाहारगृह मिळतं; टेबल नोव्हेंबरातच राखून ठेवा. तेही जमलं नाही तर खोलीत स्वयंपाकाची सोय हवीच.

शाकाहाऱ्यांसाठी स्किर (घट्ट दह्यासारखा पदार्थ) आणि सुपरमार्केटमधला नट-रोस्ट (सुक्या मेव्याचा भाजलेला पदार्थ). दुधातला तांदळाचा ग्राउतुर म्हणजे आपली खीरच, फक्त वेलदोड्याऐवजी दालचिनी. त्यात एक सोललेला बदाम लपवतात, ज्याला मिळेल त्याला बक्षीस. लौवाब्रौद ही नक्षी कातरलेली पातळ पोळी पूर्वापार मेंढीच्या चरबीत तळत, म्हणून पाकीट वाचूनच घ्या. खुसखुशीत लागते, पण चवीला तशी बेताचीच.

चर्चमधल्या सहाच्या प्रार्थनेला पाऊण तास आधी पोचा. जागा पटापट भरतात. त्याआधी दुपारी फोसवोगुरच्या दफनभूमीत लोक थडग्यांवर दिवे लावतात. तिथे फिरायला हरकत नाही, फक्त थडग्यांपाशी उभ्या माणसांचे फोटो काढू नका. गाडीने गेलात तर कोंडीत अडकाल.

डिसेंबरअखेरीस सूर्य ११:२० च्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच: बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, वर पाण्याचा पापुद्रा राहतो आणि साधे बूट सटकतात. बुटांना अडकवायचे काटे पेट्रोल पंपावरही मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. भाड्याच्या गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. वारा ते बिजागरीसकट उपटतो आणि हे नुकसान बऱ्याच विम्यांत बसत नाही. निघण्यापूर्वी वेदुर डॉट आयएस (vedur.is) या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वाऱ्याचा वेग पाहा. मीटर प्रति सेकंदातला आकडा २० च्या वर असेल तर नवख्याने शहराबाहेर जाऊच नये.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, प्रवासातला वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुलं सोबत असतील तर १२ डिसेंबरच्या आधी पोचणं उत्तम: ११ च्या रात्रीपासून रोज रात्री १३ योलास्वेइनारांपैकी (भेटवस्तू आणणारे खोडकर नाताळबाबा) एकेक येतो, मुलं खिडकीत बूट ठेवतात आणि दंगा करणाऱ्याला त्यात बटाटा मिळतो.