निवारा सोडून परत रस्त्यावर का गेलात?

कुठेही बोलायला बोलावलं की शेवटी हा प्रश्न ठरलेला: निवारागृहात गादी होती, जेवण होतं, शाळा होती, तरी पळालात का? आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही चारचौघांत विचारलंत, म्हणून आता सांगतोच.

आम्ही तिघं होतो. थोरली, मी आणि धाकटा. तिघांचे आईबाप वेगळे. पैसे थोरलीकडे. रात्री धाकट्याला मधे घ्यायचं आणि कडेला झोपेल त्याने सावध झोपायचं. धाकट्याच्या हातात सोल्युशनचा, म्हणजे नशेसाठी हुंगायच्या द्रवाचा बोळा दिसला की थोरली त्याला बडवायची. त्याने भूक मरते, थंडी कळत नाही आणि पोर कामातून जातं, हे तिने पाहिलं होतं. स्वतः मात्र ओढायची. हे मी भाषणात सांगत नाही.

गाडीत घालून नेलं त्या दिवशी धाकट्याने माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, ‘हा तुझा कोण?’

‘भाऊ.’

‘वडिलांचं नाव?’

मी एक सांगितलं, त्याने दुसरंच. बाईंनी वर न बघता दोन कागद दोन ढिगांत टाकले. थोरली मुलींकडे, तो लहानांत, मी मोठ्यांत. त्याची मूठ सोडवायला दोन माणसं लागली, सदऱ्याची शिवण उसवली. बाई वाईट नव्हत्या; संध्याकाळी सुईदोरा त्यांनीच आणून दिला. रात्री अंगणापलीकडून त्याचं रडणं ऐकू यायचं.

भावंडांची ताटातूट करू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2009च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण आम्ही कागदावर भावंडं कुठे होतो? 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीने रस्त्यावरच्या मुलांच्या आपसातल्या आधाराची दखल घेतली, सरसकट धरपकडीला विरोध केला. वाचून बरं वाटलं, आणि संतापही आला.

संधी मिळताच धाकट्याला घेऊन मी भिंत चढलो. थोरली आली नाही. शिकली, नोकरीला लागली.

पंचविशीत मी छातीठोकपणे सांगायचो, रस्ता परवडला पण निवारा नको. त्या शहाण्याला आज विचारतो, मग धाकट्याला साधी पाटी का वाचता येत नाही? त्याचं उत्तर तयार असतं: रडत तरी झोपला नाही ना? यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

थोरली धाकट्याला निरोप आवाजात रेकॉर्ड करून पाठवते. तिला विचाराल तर मी त्याचं वाटोळं केलं. त्याला विचाराल तर तो तुमच्यावरच खेकसेल.