इंटर्नल संपल्यावरची भरीत पार्टी : माझा अनुभव

इंजिनिअरिंगचं सेमिस्टर म्हणजे जर्नल, सबमिशन, इंटर्नल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा), प्रॅक्टिकल, एकामागे एक. या धबडग्यात जळगावच्या हॉस्टेलवर नवीन आलेली मुलं आपापल्या गावाकडच्यांनाच धरून राहतात. नंदुरबारचे वेगळे, धुळ्याचे वेगळे, रावेर-यावलचे वेगळे. त्यांना एकत्र आणायला भरीत पार्टीसारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. चार हिवाळे ती भरवताना बसलेली पद्धत इथे देतो.

दिवस ठरवायचा तो पहिल्या इंटर्नलनंतरचा शनिवार. उन्हाळा तापायच्या आत. रेक्टरसरांकडे अर्ज तीन-चार दिवस आधी द्यावा आणि त्यात विस्तव कुठे पेटणार ती जागा लिहावी. परवानगी बहुतेक तिथेच अडते. सुरुवात दुपारी तीनलाच. पंगत रात्री नऊवर गेली तर मुलींना हॉस्टेलच्या वेळेमुळे न जेवता उठावं लागतं, मग ती सगळ्या वर्गाची पार्टी उरत नाही.

25 जणांना 8 किलो वांगी लागतात. भाजून, सोलून ती जवळपास निम्मीच उरतात. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात त्या नावाखाली काहीही विकलं जातं. फिकट हिरवं, तुकतुकीत आणि आकाराच्या मानानं हाताला हलकं लागतं तेच घ्यावं. जड वांग्यात बी असतं. सोबत हिरवी मिरची अर्धा किलो (कमी तिखट, पोपटी), लसूण 400 ग्रॅम, शेंगदाणे अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याची एक वाटी, कांद्याच्या पातीच्या पाच जुड्या, कोथिंबीर, एक लिटर तेल. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या माणशी पाच धरून आदल्या दिवशीच सांगून ठेवाव्यात.

वांग्याला सुरीनं दोन-तीन टोचे मारायचेच, नाहीतर आत वाफ कोंडून ते विस्तवात फुटतं. भाजायला कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्या. गॅसवर धुराचा वास येत नाही. जाळ फार मोठा केला तर साल कोळसा होते आणि देठाजवळ कच्चं राहतं. म्हणून देठाशी दाबून बघावं, बोट सहज रुतलं की उतरवावं.

सोलणं हे माझ्या मते पार्टीचं खरं काम. एका वांग्यापाशी दोघं बसवायची, एक पहिल्या वर्षाचा, एक तिसऱ्या वर्षाचा, गावं वेगळी. बोटं भाजतात म्हणून वाटीत पाणी ठेवावं, पण ते बोटांपुरतं. वांगं पाण्यात बुडवलं की चव धुऊन जाते. हात काळे झालेले, फोन धरता येत नाही, म्हणून बोलणं सुरू होतं : मॅथ्सच्या कोणत्या युनिटवर आधी बसायचं, एटीकेटी (मागचा नापास विषय) राहिली तर पुढे काय होतं, जुने पेपर कोणाकडे आहेत. एकाच्या अहिराणीतल्या ‘काय करी ऱ्हायना’वर दुसऱ्याची रावेर-यावलकडची लेवा बोली येते आणि दोघं हसतात. उभं करून ‘ओळख दे’ म्हणायचं नाही, कधीच नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, आणि तो नसता तरी धास्तावलेला पोरगा पुढे अडलेलं गणित विचारायला येत नाही. भांडीही फक्त ज्युनिअरांवर टाकायची नाहीत.

मग बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, तेलावर परतलेली मिरची, लसूण आणि मीठ आधी ठेचायचं, वांगं त्यानंतर. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढावेत, मग खोबऱ्याचे काप, मग पात, मग भरीत. शेंगदाणे तेलात राहू दिले तर करपून कडू लागतात. कोथिंबीर उतरवताना.

वर्गणी सकाळीच गोळा करावी. ज्याची महिनाअखेर ओढाताण आहे त्याचे पैसे दोघा-तिघांनी गुपचूप भरावेत, यादीत त्याच्या नावापुढे काही लिहू नये. जेवणं झाली की राखेवर दोन बादल्या पाणी ओतायचं, उरलेल्या काड्या वॉचमनकाकांना विचारून ठेवायच्या आणि हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाकायचा.