कार्नेप्लास्तिको, चौथा प्रयत्न: उभा राहिला!

कार्नेप्लास्तिको म्हणजे इटलीच्या फ्युचरिस्ट (भविष्यवादी) चळवळीतला कलाकार फिलिया याचा पदार्थ: अकरा भाज्या भरलेला खिम्याचा उभा दंडगोल, खाली सॉसेजचं कडं आणि चिकनचे तीन गोळे, माथ्यावर मध. काल रात्री हा दंडगोल उभा राहिला आणि चाळीस मिनिटं हलला नाही. गेल्या वेळी ‘हा नाद आता पुरे’ असं लिहिलं होतं, ते मागे घेते.

भाज्यांच्या पाण्याचा प्रश्न आधीच सुटला होता. अकराही भाज्या शिजवून फडक्यात घट्ट पिळल्या, खिम्यात भाजलेलं बेसन मळलं. (फिलियाने वासराचं मांस सांगितलंय, मी टर्कीच वापरते.) सिलिकॉनचा महागडा साचा मात्र कोणी घेऊ नका, त्यात कड खरपूस होत नाही. घरून आणलेला स्टीलचा उभा डबा कितीतरी सरस.

खरा छळ खालच्या तीन गोळ्यांनी मांडला होता. सगळा भार सॉसेजच्या कड्यावर, आणि कडं चिकनच्या तीन सोनेरी गोळ्यांवर! तिसऱ्या वेळी गोळे तीन दिशांना पळाले आणि पाहुण्यांसमोर दंडगोल आडवा झाला. मी गोळेच घट्ट करत बसले: अंडं, पावाचा चुरा, जास्त वेळ भाजणं. उपयोग शून्य. मग आजोळची तीन दगडांची चूल आठवली. दगड भांड्याच्या बुडाखाली सारलेले असतात, मी गोळे कड्याच्या बाहेरच्या काठाखाली ठेवत होते. आत सारले, तळ जरासे चपटे केले, झालं! कडंही आता त्याच डब्याभोवती गुंडाळून भाजते, म्हणजे आकसून नेमक्या मापाचं होतं. मध अगदी शेवटी, वाढताना.

ताटाखाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवला होता. 8 मार्च 1931 ला इथेच तोरिनोत, व्हिया वांकिलियावर उघडलेली सान्तोपालातो ही फ्युचरिस्टांची खानावळ फिलिया आणि त्याचा सहकारी कलाकार द्युल्गेरोफ यांनी अ‍ॅल्युमिनियमनेच मढवली होती. त्या पत्र्यावर मधाचा ओघळ चमकला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले.

पुढचा बेत फिलियाच्याच एरोव्हिव्हांदा या पदार्थाचा. उजव्या हाताने काळं ऑलिव्ह, बडीशेपेचा कंद आणि कुमक्वात (इवलं संत्र्यासारखं फळ) खायचं, डाव्या हाताने सँडपेपर, रेशीम, मखमल चाचपायचं, वर कार्नेशनच्या अत्तराचा फवारा. कुमक्वात सोडून सगळं जमलंय.

पण लिहितानाच सुचलं: फ्युचरिस्ट स्वयंपाकाच्या 1930 च्या जाहीरनाम्यात चळवळीचा प्रवर्तक मारिनेत्तीने काटा-सुरीच रद्द केलीय. मग मी दंडगोल सुरीने का कापतेय? हाताने उचलता येतील असे चार छोटे दंडगोल करावेत, माणशी एक. भारही हलका होईल. म्हणजे एरोव्हिव्हांदा आठवडाभर पुढे. शनिवारी पोर्ता पालाझ्झोच्या बाजारात आधी बारीक सॉसेज शोधते, आणि घरात तेवढ्याच घेराचे चार छोटे डबे.